दोन शहरांमधलं अंतर कोण ठरवतं?



 आजचा विषय वरवर पाहिला तर एका ओळीत संपतो. दोन दूरच्या शहरांमध्ये विमानानं जाताना अंतर किती आणि वेळ किती? मुंबई ते लंडन घ्या. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ साधारण साडेनऊ ते दहा तास. उत्तर मिळालं. पण परत येताना तेच अंतर तासभर कमी वेळात कसं कापलं जातं? आणि दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळ असूनही, २०२५च्या एप्रिलनंतर दिल्लीहून लंडनला निघालेली आपली विमानं आधी खाली गुजरातकडे, अरबी समुद्रावर का येऊ लागली? हे प्रश्न विचारले की ते एका ओळीचं उत्तर अपुरं पडतं.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. या सभागृहातल्या कितीतरी जणांची मुलं-नातवंडं लंडनला, न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियात आहेत. आईची तब्येत अचानक बिघडली तर लेक किती तासांत दारात उभी राहील, हा प्रश्न आज मराठी घराघरांत मनातल्या मनात विचारला जातो. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अंतर पृथ्वी ठरवते. वेळेवर वाऱ्याचा आणि यंत्राचा अधिकार चालतो. पण गेल्या काही वर्षांत प्रवास लांबला किंवा आखडला आहे, तो मुख्यतः माणसामाणसांतल्या, देशादेशांतल्या संबंधांमुळे.

आधी थोडा इतिहास पाहू. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने! त्याआधी चौदा वर्षं, नोव्हेंबर १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता आणि त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपून हिंदुस्थान आणि युरोप यांच्यातला सागरी मार्ग सुमारे ७,००० किलोमीटरनी कमी झाला होता. मुंबई जागची हलली नव्हती, लंडनही हललं नव्हतं. वाट बदलली आणि तिच्याबरोबर अंतर बदललं. हा धडा पुढे आकाशातही लागू पडणार होता.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजनं लंडन ते कराची हवाई सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. या प्रवासाचे टप्पे ऐकण्यासारखे आहेत. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जायचं. तिथून इटलीतल्या जिनोआपर्यंत आगगाडीनं. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून भूमध्य समुद्र ओलांडून इजिप्तला, आणि तिथून दुसऱ्या विमानानं वाळवंटावरून कराचीला. मध्येच आगगाडी का? फ्रान्सकडून येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटलीनं आपल्या आकाशात परवानगी दिली नव्हती, म्हणून. पुढे इराणनंही आपल्या किनाऱ्यावरची वाट नाकारली आणि १९३२मध्ये विमानं आखाताच्या अरबी बाजूनं, शारजाला उतरत जाऊ लागली. विमानसेवा नुकती जन्माला आली होती, तरी वाट कुठून जायची हे वैमानिकाच्या आधी परराष्ट्र खातीच ठरवत होती.

कराचीला आलेलं टपाल पुढे मुंबईपर्यंत आणण्याचं काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी हाती घेतलं. पस मॉथ जातीचं छोटंसं विमान स्वतः चालवत, अहमदाबादला थांबत ते जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, तेव्हा ही सेवा पुण्याहून चालवावी लागे. सात समुद्र ओलांडणाऱ्या टपालाला जुहूचा चिखल अडवू शकत होता.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंखे असलेलं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं. पस्तीस प्रवासी, त्यांत स्वतः जे. आर. डी. टाटा. कैरोला थांबायचं, जिनिव्हाला थांबायचं, मग लंडन. थांब्यांमुळे नुसता वेळ जात नव्हता. प्रत्येक थांबा म्हणजे ढगांतून, डोंगरांतून पुन्हा एकदा खाली येणं. हेच 'मलबार प्रिन्सेस' नोव्हेंबर १९५०मध्ये जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं आणि अठ्ठेचाळीस जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर, त्याच जिनिव्हाकडे उतरताना 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ आदळलं. त्यात एकशे सतरा जण गेले आणि त्यांच्यात डॉ. होमी भाभा होते. आज आपण मुंबईहून लंडनला न थांबता जातो. त्यामुळे वाचतात ते फक्त तास नाहीत, हे विसरू नये.

आता अंतराकडे येतो. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशानं आपल्या डोळ्यांना एक चुकीची सवय लावली आहे. त्या नकाशावर दोन शहरं पट्टीनं जोडली की ती रेघ सगळ्यात जवळची, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पृथ्वीचा गोल घ्या आणि एक साधा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटानं दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो पूर्वेला पॅसिफिक महासागरावरही जात नाही, पश्चिमेला अटलांटिकवरही जात नाही. तो सरळ उत्तरेकडे निघतो. राजस्थानवरून जातो, लडाखमध्ये लेहच्या जवळून जातो, पुढे सिंक्यांग, मग सैबेरिया. आर्क्टिक महासागरावर तो सत्त्याहत्तर अंश उत्तर अक्षांशाला टेकतो, म्हणजे ध्रुवापासून जेमतेम तेरा अंशांवर. तिथून अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, आणि मग कॅलिफोर्निया. हा दोरा मोजला तर अंतर येतं सुमारे १३,५०० किलोमीटर. सपाट नकाशावरची, पॅसिफिकवरून जाणारी सरळ रेघ प्रत्यक्ष उडायची ठरवली, तर ते भरतं सुमारे १६,१०० किलोमीटर. म्हणजे नकाशावर सरळ दिसणाऱ्या रेघेवरून गेलं तर २,६०० किलोमीटर फुकट जातात.

मुंबई-लंडनच्या बाबतीत हाच फरक लहान आहे, दोनशे किलोमीटरच्या आसपास. शहरं पूर्व-पश्चिम जितकी दूर आणि विषुववृत्तापासून जितकी लांब, तितकी सपाट नकाशाची फसवणूक मोठी. गणितात या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहत्‌वृत्त म्हणतात. दूरच्या शहरांचं म्हणून जे हवाई अंतर आपल्याला सांगितलं जातं, ते याच वाटेचं असतं. विमान मात्र नेमकं त्याच वाटेनं जातं, असं क्वचितच घडतं. त्याची कारणं तीन. वारा, यंत्र आणि परवानगी.

पहिला वारा. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, आणि तेव्हा त्यांतला एक झोत आपल्या उत्तर भारतावरून जातो. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं छोटे फुगे आकाशात सोडून, ते कसे वाहत जातात हे दुर्बिणीतून पाहून या वाऱ्याची नोंद केली. जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचावं म्हणून त्यानं ती एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केली, आणि ती भाषा वाचणारे थोडेच असल्यामुळे बराच काळ तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा आडवा आला, तेव्हा जगाला त्याची खरी ओळख पटली.

याचा हिशेब सोपा आहे. विमान हवेच्या मानानं ताशी ९०० किलोमीटर उडतं असं धरा. वारा नसेल तर मुंबई-लंडनचे ७,२०० किलोमीटर बरोबर आठ तासांत कापले जातील. आता समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीवरून मोजलेला वेग उरला ८००, वेळ नऊ तास. परतताना तोच वारा पाठीशी, वेग १,०००, वेळ सात तास बारा मिनिटं. जाण्यायेण्याची बेरीज करून पाहा. सोळा तासांच्या जागी सोळा तास बारा मिनिटं. जाताना वारा जेवढं घेतो, तेवढं येताना परत देत नाही, कारण उलट वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकलेलं असतं. प्रत्यक्ष वेळापत्रकात याच्यावर तासभर किंवा थोडा जास्त चढवलेला दिसतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, चढणं, उतरणं, वाकडी वाट आणि लंडनवर रांगेत घिरट्या घालणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा समोरच्या पडद्यावर नकाशाबरोबर ग्राउंड स्पीड आणि हेडविंड किंवा टेलविंड असे आकडे येतात, ते जरूर पाहा. तुमचा प्रवास किती लांबणार, हे त्या दोन आकड्यांत असतं.

वाऱ्याची ताकद किती, याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०२०मध्ये अटलांटिकवर वादळी वारे असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात. दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पॅसिफिकवरून, वाऱ्याबरोबर, पूर्वेकडे नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढून १५,३०० किलोमीटर झाली, आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे आपल्या वैमानिकांनी आणि मार्ग आखणाऱ्यांनी करून दाखवलं. त्यांचं कौतुक आपल्याकडे फारसं झालं नाही, ते व्हायला हवं होतं.

दुसरं यंत्र. एक गोष्ट तरुण श्रोत्यांना आश्चर्याची वाटेल. १९६०मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं, त्याचा वेग आणि आजच्या विमानांचा वेग यांत फारसा फरक नाही. दोन्ही ताशी नऊशेच्या आसपास. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन बेसुमार जळतं. कॉन्कर्डनं ती मर्यादा ओलांडली होती, पण २००३मध्ये ते कायमचं जमिनीवर आलं. मग गेल्या साठ वर्षांत वेळ वाचला कुठे? थांबे गेल्यामुळे. एंजिनं कमी इंधन पिणारी आणि भरवशाची झाली. १९५३च्या अमेरिकी नियमानुसार दोन एंजिनांच्या विमानाला उतरण्याजोग्या विमानतळापासून एका एंजिनावर साठ मिनिटांहून दूर जाता येत नसे. १९८५मध्ये ती मर्यादा १२० मिनिटांची झाली, आणि आज काही विमानांना पाच-सहा तासांपर्यंत मुभा आहे. समुद्र आणि ध्रुव ओलांडणारी सरळ वाट त्यामुळे उघडली. जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवाच्या बाजूनं आलेल्या एअर इंडियाच्या विमानात कॉकपिटमधल्या चारही वैमानिक स्त्रिया होत्या. कॅप्टन झोया अगरवाल, पापागरी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास.

पण सरळ वाट सगळीकडे उघडी नसते. मघाचा दोरा लडाखवरून काराकोरमकडे जातो. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला, तर डोक्यावरून खाली येणारे प्राणवायूचे मुखवटे साधारण पंधरा-वीस मिनिटंच पुरतात. तेवढ्यात वैमानिकाला दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर यावं लागतं. काराकोरमला लागून असलेलं तिबेटचं पठार स्वतःच साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली यायला जागाच नाही. म्हणून बहुतेक विमानं त्याला वळसा घालतात. ध्रुवाकडच्या थंडीत टाकीतलं इंधन किती गार होतंय, यावर सतत लक्ष ठेवावं लागतं, कारण ते उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. सरळ रेघेपेक्षा सुरक्षिततेला प्राधान्य मिळतं, आणि तसंच मिळालं पाहिजे.

आता तिसरं कारण, परवानगी. माझ्या मते आजच्या काळातलं सगळ्यात मोठं.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोमध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की, आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण आणि एकमेव सत्ता आहे. त्याच परिषदेत हवाई वाहतुकीच्या स्वातंत्र्यांची कल्पना मांडली गेली, आणि त्यांतलं पहिलं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या देशावरून न उतरता जाऊ देणं. सत्ता राष्ट्राची, पण वाटसरूला वाट मोकळी, असा तो समतोल होता. तो मोडतो तेव्हा काय होतं, ते आपण पाहत आहोत. २०२२च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर युरोपनं रशियन विमानांना आणि रशियानं युरोपच्या विमानांना आकाश बंद केलं. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांचा झाला. पाकिस्ताननं फेब्रुवारी २०१९पासून जुलैपर्यंत, आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५पासून भारतीय विमानांना आकाश बंद केलं. भारतानंही काही दिवसांत त्यांच्या विमानांना बंदी केली. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी उतरावं लागलं. १९४८मधले थांबे एंजिनाच्या मर्यादेमुळे होते. २०२५मधले थांबे माणसांमुळे होते.

वाट उघडी असली तरी ती कुणाच्या देशावरून जाते, याला फार अर्थ असतो. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान एंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरलं. दोनशे सोळा प्रवासी एका अनोळखी शहरात दिवसभराहून अधिक अडकले, दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे न्यावं लागलं. त्या शहरानं शाळेत, वसतिगृहात त्यांची सोय केली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. वाटेवरचा देश हा असा वाटेवरचा शेजारी असतो.

आणि ज्या वेळी शेजारधर्म सुटतो, तेव्हा वेळेचा प्रश्नच उरत नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं. २६९ जण गेले. त्यानंतर अमेरिकेनं जीपीएस सर्वसामान्यांना मोफत खुलं करण्याची घोषणा केली, आणि आज आपण फोनवर जो रस्ता शोधतो, त्यामागे ती शोकांतिका आहे. पुढच्या वर्षी शिकागो करारात नवं कलम घालण्यात आलं की, उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये. तरी १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनच्या पूर्व भागावर मलेशियाचं विमान क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं आणि २९८ जणांचा जीव गेला. ती माणसं युद्ध करायला निघाली नव्हती. कुणी सुट्टीला निघालं होतं, कुणी परिषदेला, कुणी घरी.

मित्रहो, या सगळ्याचा अर्थ काय? पृथ्वीचा गोल आपण बदलू शकत नाही आणि बदलायची गरजही नाही. वारा आपल्याला सांभाळून घेता येतो, त्याचा उपयोग करून घेता येतो. यंत्र आणखी सुधारेल, पण वेगाच्या बाबतीत त्यानं आपली मर्यादा दाखवली आहे. उरतं ते आकाश उघडं ठेवणं किंवा बंद करणं. ते पूर्णपणे आपल्या, म्हणजे माणसांच्या हातात आहे. राष्ट्राची सुरक्षितता हा किरकोळ विषय नाही, आणि तो कुणी किरकोळ मानू नये. पण प्रवासी विमानांची वाट हे भांडणातलं पहिलं हत्यार होता कामा नये. बंद आकाशाची किंमत सरकारं मोजत नाहीत. ती मोजतात वाढलेलं तिकीट काढणारे मध्यमवर्गीय, चार तास जास्त एका जागी बसणारे सत्तरीतले आईवडील, आणि वडिलांच्या अंत्यदर्शनाला पोहोचू न शकणारा मुलगा.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. शिक्षकांना विनंती की प्रत्येक वर्गात सपाट नकाशाबरोबर एक गोल ठेवा, आणि मुलांना त्यावर अंतर मोजू द्या. सगळे देश एकमेकांना किती लागून आहेत, हे त्यांना हातानं कळेल. आणि आपणा सर्वांना विनंती की परराष्ट्र धोरणाची चर्चा करताना प्रवाशांची वाट मोकळी ठेवण्याचा आग्रह आपण नागरिक म्हणून धरावा, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नागरिकांनी धरावा. दोन शहरांमधलं अंतर पृथ्वीनं ठरवून दिलं आहे. त्यात भर घालण्याचा अधिकार आपण सरकारांना सहजासहजी देऊ नये.